बावीस नंबर

शेडचे पत्रे तापतात, लाइट जाते,
तेव्हा मी बावीस नंबरच्या साच्यानं वारा घेते.
जाड पुठ्ठा. वर कटिंग मास्तरच्या अक्षरात
‘शर्ट, हाफ, पहिली’.
एके काळी मे महिन्यात हा टेबलावरून उतरत नसे.
खडूनं आखून आखून त्याच्या खांद्याला खळगी पडली.
आता ऑर्डरच्या कागदावर मोठे नंबर वर,
आणि अगदी खाली, बारीक : बावीस, चाळीस नग.
मागच्या साली एकशे साठ होते.
त्याच्या आधीचं आठवायला मी वही काढत नाही.

मी काज-बटण करते.

आईला आम्ही सहा.
सुपाच्या एका कडेला भिजलेली तेंदूची पानं,
दुसऱ्या कडेला मी.
हजार विड्या झाल्या की आम्हाला घास.
गल्लीच्या तोंडाला लाल त्रिकोण रंगवला होता, सरकारी.
शिबिराची गाडी आली, आई बसून गेली,
तिसऱ्या दिवशी परत सुपापुढे.
एक स्टीलचा डबा मिळाला होता.
अजून आहे. त्यात बटणं ठेवते.

मला दोन. सांगायला कुणी आलं नाही,
खोलीच सांगत होती.

आणि स्रवंती, माझी थोरली, हिंजवडीला.
फोनवर म्हणते, “अम्मा, एक तरी कशाला?”
भाडं, पाळणाघर, सासूचे गुडघे.
बाळंतपणाच्या सुट्टीवर गेलेल्या मुलीची खुर्ची
ती यायच्या आत दुसऱ्याची होते, म्हणाली.
मग थोडं थांबून,
“आणि मला नकोच असेल तर?”
त्या बटणाला माझ्याकडे काज नव्हतं.

गेल्या महिन्यात साहेबांची ऑर्डर आली.
उपरणी, दोन हजार, अशोक चौकातल्या सभेला.
हेच ते, महापालिकेला उभं राहताना
तिसरं पोर मेव्हण्याच्या नावावर दाखवलेले.
आता माइकवर :
“घराघरात चार पाहिजेत,
नाहीतर उद्या ते आपल्याला मोजणार!”
समोर खुर्च्यांवर आम्ही बाया. तीनशे रुपये आणि पुलाव.
चार. कुठल्या खोलीत, कुठल्या पाण्यावर,
नळ पाचव्या दिवशी येतो, साहेब,
असलं काही मी बोलले नाही.
पुलाव चांगला होता.

पंधरा दिवसांनी दुसऱ्या रंगाचं कापड आलं.
दुसरे साहेब, दुसरी पेठ, पन्हा तोच.
नफिसा माझ्या शेजारी कॉलर उलटवते.
म्हणाली, “आमच्यात पण हेच बोलला की गं.
तुमच्याबद्दल.”
तिच्या सुनेला एकच. मुलगी. बास म्हणाली ती पण.
आम्ही दोघी हसलो,
आणि हसू मधेच उसवलं,
कारण तिच्या नातीची उर्दू शाळा
आमच्या तेलुगू शाळेच्या इमारतीत आणलीय.
पट भरत नाही. सकाळी एक, दुपारी एक.
बाक तेच, घंटा तीच.
मास्तर म्हणतो, पट म्हणजे कापडसुद्धा असतं.
म्हटलं, मग तेही कमीच भरायलंय.

मला वाईट वाटतं का, ते नीट सांगता येत नाही.
आई असती तर विचारलं असतं,
सहांतल्या कितव्याला तू हो म्हणाली होतीस?
तिनं विड्यांचा कट्टा बांधला असता.
दोरा दातानं तोडला असता.

चाळीस नग संध्याकाळी पाचच्या आत झाले.
शेवटच्या शर्टाचं गळ्याजवळचं बटण
मी उगाच दोनदा शिवलं.
कुणी ओढलं तरी निघू नये.
लाइट आली.
साचा खिळ्याला अडकवला, तर नफिसा म्हणाली,
“राहू दे खालीच. परत जाते की आता.”